एकाहत्तर मिनिटं, पस्तीस सेकंद

“लाल बटणाला माझा हात लागलाच न्हाई,” सोपानराव येळवे म्हणाले. “आता इस्वास ठेवा, न्हाईतर नका ठेवू. पाचव्यांदा सांगतोय.”

“मी अजून काहीच विचारलं नाही, सोपानराव.”

“इचारणारच की. तुमच्या आदी दोघं येऊन गेले. त्यांनी बी पयलं हेच इचारलं.”

आम्ही नेरशीच्या रोपवेच्या खालच्या ठाण्यात उभे होतो. सकाळचे नऊ वाजले होते, फेब्रुवारीचं ऊन अजून खोऱ्यात उतरायचं होतं. समोर दोन पाळणे दोराला लटकून गप्प उभे होते. डाव्या अंगाच्या पायवाटेने चार-पाच बाया डोक्यावर दुधाचे कॅन घेऊन घसरत-सावरत उतरत होत्या. रोपवे बंद पडून अकरा दिवस झाले होते आणि वरच्या घोणसमाळ पठारावरचं दूध पुन्हा जुन्या वाटेने खाली येऊ लागलं होतं.

आज या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत कामाला होते. रोपवे, उद्वाहनं, कारखान्यातल्या ओझी उचलणाऱ्या याऱ्या यांची नियंत्रण-यंत्रं आम्ही बनवत असू. यंत्राच्या आत संगणक असतो, आणि त्या संगणकाच्या पोटात सगळ्या कामांवर देखरेख करणारा एक मूळ कारभारी असतो. आमच्या धंद्यात त्याला कर्नल म्हणतात. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, किती वाजले, कोण गप्प बसलंय, हे सगळं तो पाहतो. त्या कर्नलवर मी काम करायची. त्यामुळे पेट्या उघडायला, तारा जोडायला सहसा मला कुणी पाठवत नसे. पण त्या आठवड्यात बाकीचे सगळे बाहेरगावी होते.

आमचे शाळिग्राम सर निघताना म्हणाले होते, “स्वरूपा, लाल बटणावर झाकण बसव, संस्थेची सही घे आणि संध्याकाळपर्यंत परत ये. माणसाचा हात चुकून लागतो, त्यात काही विशेष नाही.”

झाकण माझ्या पिशवीत होतं.

घोणसमाळावर साठ घरं. रोपवे होण्याआधी वर चढायला अडीच तास लागत. आता नऊ मिनिटं. दूध, शाळेचे मास्तर, बाळंतीण, गॅसची टाकी, सगळं त्या दोन पाळण्यांतून जाई-येई. गावकऱ्यांची सहकारी संस्था रोपवे चालवत होती. यंत्रावर पहिल्या दिवसापासून सोपानराव. एसटीच्या डेपोत तेहतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा, अशी त्यांची ख्याती होती.

पण गेल्या चौदा महिन्यांत पाळणा चार वेळा मधेच, दरीच्या वर, गचका देऊन थांबला होता. चौथ्या वेळी त्यात संस्थेच्या अध्यक्षा हौसाक्का ढेबे स्वतः होत्या. वारा सुटलेला, आणि त्या बावीस मिनिटं लोंबकळत राहिल्या. कुणीतरी खालून मोबाइलवर चित्रण केलं आणि ते तालुकाभर फिरलं. यंत्राच्या नोंदीत चारही वेळा एकच ओळ होती: आणीबाणीचा ब्रेक लागला. दोर ठीक, मोटर ठीक, तारा ठीक. मग राहिलं कोण? लाल बटणाशेजारी बसणारा माणूस. त्याच दिवशी चार वाजता खाली नेरशीच्या शाळेत सभा होती. सोपानरावांना काढायचं आणि दुसऱ्याला बसवून उद्यापासून रोपवे सुरू करायचा, हे जवळजवळ ठरलं होतं.

“बसवा झाकण,” सोपानराव म्हणाले. “मी कशाला अडवू?”

मी पिशवी उघडली खरी, पण झाकण बाहेर काढलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. ते पायवाटेवरच्या बायांकडे पाहत होते.

“सोपानराव, लाल बटण दाबलं की ब्रेक लागतो. पण यंत्राच्या आत एक राखणदार असतो, त्याला काही वावगं वाटलं तरी तो ब्रेक लावतो. नोंद दोन्ही वेळा तीच पडते. ती आमचीच कमतरता. म्हणून विचारते, त्या चार वेळांत काही सारखं होतं का? वारा, ऊन, ओझं?”

आता त्यांनी मान वळवली.

“हे पयल्यांदा कुणीतरी इचारलं,” ते म्हणाले, आणि भिंतीतल्या कोनाड्यातून लांबट वही काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. “डेपोतली सवय. गाडी कवा चालू केली, कवा बंद केली, काय बोलली, समदं ल्ह्यायचं.”

गाडी म्हणजे रोपवे. रोज एक ओळ. यंत्र चालू केल्याची वेळ, वारा, फेऱ्या, आणि शेवटी शेरा. चार ठिकाणी शेऱ्यात लाल शाईने ‘थांबली’ असं लिहिलं होतं आणि पुढे वेळ. मी त्या चार ओळी माझ्या कागदावर उतरवल्या. सात पस्तीसला चालू, नऊ अठ्ठावन्नला थांबली. सात पन्नासला चालू, बारा छत्तीसला थांबली. साडेसातला चालू, एक अठ्ठावीसला थांबली. आठ पाचला चालू, दहा अठ्ठावीसला थांबली.

घड्याळाच्या वेळांत काही साम्य नव्हतं. मग मी सहज, करायला दुसरं काही नाही म्हणून, चालू केल्यापासून थांबेपर्यंतची मिनिटं मोजली. एकशे त्रेचाळीस. दोनशे शहाऐंशी. तीनशे अठ्ठावन्न. एकशे त्रेचाळीस.

पहिला आणि शेवटचा आकडा एकच. दुसरा बरोब्बर दुप्पट. तिसरा काही जमेना. तिप्पट नाही, अडीचपट. म्हणजे मूळ माप एकशे त्रेचाळीसचं अर्धं असणार. साडेएकाहत्तर मिनिटं.

मी तोच हिशेब पुन्हा एकदा मांडला.

“काय झालं?” सोपानरावांनी विचारलं.

“काही नाही. ठाण्यात यंत्राचा सुटा भाग आहे ना? जादा दिलेला, तसलाच दुसरा संगणक?”

“हाय की. गोणपाटात बांधून ठिवलाय.”

“तो काढा.”

एकाहत्तर मिनिटं आणि पस्तीस सेकंद हा काळ कर्नलवर काम करणाऱ्याला पाठ असतो. आमचं घड्याळ सेकंदाचे दहा लाख भाग मोजत असे, यंत्र चालू झाल्यापासून, शून्यापासून पुढे. तो आकडा फार मोठा होतो, म्हणून तो दोन खणांत ठेवलेला. उजवा खण भरला की तो शून्यावर येतो आणि डाव्या खणात एक वाढतो. उजवा खण भरायला लागतात बरोबर एवढीच मिनिटं, एवढेच सेकंद.

आणि तो आकडा वाचणारी ओळ मी लिहिलेली होती.

तीन वर्षांपूर्वी, कंपनीत नवी असताना, मी सरांचा जुना कोड तपासत होते. घड्याळ वाचण्याआधी सरांनी कुलूप घातलेलं, वाचून झाल्यावर काढलेलं. कुलूप म्हणजे तेवढा क्षण बाकी सगळ्यांनी थांबायचं. हे सेकंदाला हजारो वेळा होई आणि यंत्र मंद चाले. मी सरांना म्हटलं होतं, “लिहायला कुलूप हवं, पण वाचायला कशाला? वाचल्याने काय बिघडतं?” मी कुलूप काढलं, यंत्र झपाट्याने चालू लागलं, आणि सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आमची इतर यंत्रं मोठ्या प्रोसेसरवर चालत. ती दोन्ही खण एका घासात वाचत. नेरशीच्या संस्थेला परवडावा म्हणून इथे जुना, लहान तोंडाचा प्रोसेसर बसवला होता. त्याला दोन घास घ्यावे लागत.

हे मी त्या वेळी सोपानरावांना सांगितलं नाही. अजून ते सिद्ध व्हायचं होतं, असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे जीभ उचलत नव्हती.

सुट्या संगणकाला लॅपटॉप जोडून मी छोटीशी चाचणी लिहिली. घड्याळ दर वेळी उजवा खण भरायच्या एक सेकंद आधी न्यायचं, पुढे जाऊ द्यायचं, आणि कर्नल काय वाचतो ते पाहायचं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दर दोन सेकंदांनी एक खेप. वेळ चुकीची वाचली गेली की चाचणीने थांबायचं. साडेअकराला मी ती सुरू केली. पडद्यावर खेपांचा आकडा वाढू लागला.

सोपानरावांनी डबा उघडला. नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवून ते पायरीवर बसले.

“येक इचारू?” थोड्या वेळाने ते म्हणाले. “माणसाच्या हातून येखादी गोष्ट घडती, आन त्येलाच ठावं नसतं, असं हुतं का?”

“म्हणजे?”

“न्हाई, मी म्हनतोय मी दाबलं न्हाई. पन समदं गाव म्हनतंय दाबलं. तुमच्या यंत्रात बी तसंच ल्हिवलंय. यंत्र कशाला खोटं बोलंल? तवा रातचं पडल्या पडल्या वाटतं, लागला बी आसंल हात. वय झालं. बायकू म्हनती डाक्टरला दाखवा. चौथ्या बारीला तर मी मांडीखाली हात दाबून बसलो व्हतो. तरी बी थांबली. तवापासून सोताचाच इस्वास उडालाय.”

‘चौथ्यांदा तुमचा हात मांडीखाली होता हे कुणाला सांगितलंत का’ असं विचारणार होते, पण विचारलं नाही. कोण ऐकणार होतं? मीसुद्धा झाकण घेऊनच आले होते.

एक वाजून गेल्यावर पडद्यावरचा आकडा थांबला. दोन हजार नऊशे चौदावी खेप. खाली एक ओळ उमटली होती. कर्नलने वाचलेली वेळ खऱ्या वेळेच्या पुढे होती, एकाहत्तर मिनिटं पस्तीस सेकंद.

सोपानराव माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. “थांबलं की. काय घावलं?”

“घड्याळ चुकतं. राखणदार दर क्षणाला विचारत असतो, दोर ठीक आहे असा शेवटचा निरोप येऊन किती वेळ झाला? दोन सेकंदांपेक्षा जास्त झाला तर ब्रेक लावायचा. त्याला एकदम सत्तर मिनिटं झाल्यासारखं दिसतं. मग तो घाबरून ब्रेक लावतो. पुढच्या क्षणी घड्याळ पुन्हा बरोबर. मागे काही खूण राहत नाही.”

“मंजी ह्यात माझा हात न्हाई.”

“नाही.”

“आजाबात?”

“अजिबात नाही, सोपानराव.”

ते पायरीवर जाऊन बसले. दोन्ही तळहात त्यांनी तोंडावरून फिरवले, मग उठून बाहेरच्या नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. परत आले तेव्हा पंच्याने मान पुसत त्यांनी विचारलं, “घड्याळात ही खोट कुनी ठिवली?”

तेव्हा मी एवढंच म्हणू शकले असते की कंपनीत कुणीतरी. पुण्याला जाऊन गुपचूप ओळ बदलली असती, सभेत ‘जुना भाग होता, नवा घातला’ म्हटलं असतं, तर एका माणसालाही कळलं नसतं. शब्द जिभेपर्यंत आलेही होते.

“मी,” मी म्हटलं. “तीन वर्षांपूर्वी. मला वाटलं होतं, नुसतं वाचायला कसली आलीय काळजी.”

ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

“समजावून सांगा.”

“गाडीचा किलोमीटरचा आकडा डोळ्यांपुढे आणा. एकोणचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव. समजा तुम्हाला तो एका नजरेत वाचता येत नाही. आधी उजवीकडचे तीन आकडे वाचायचे, मग डावीकडचे दोन. तुम्ही उजवीकडे वाचलंत, नऊशे नव्व्याण्णव. डावीकडे डोळे नेईपर्यंत गाडी एक किलोमीटर पुढे गेली.”

“डावीकडं चाळीस दिसणार,” सोपानराव म्हणाले. “म्या ल्हिनार चाळीस हजार नऊशे नव्व्यान्नव. गाडी एकच किलोमीटर गेली, आन माझ्या वहीत हजार.”

“तेच झालं.”

“पन ते नेमकं त्याच टायमाला डोळं फिरवलं तरच.”

“म्हणून तर चौदा महिन्यांत चारच वेळा.”

त्यांनी डोळे मिटले. गाडीचा आवाज ऐकताना ते असेच बसत असावेत. मग म्हणाले, “त्येला काय लागतंय? आदी डावीकडं बगायचं, मग उजवीकडं, आन परत येकदा डावीकडं. डावं बदललं आसलं तर खोडायचं आन पयल्यापास्नं वाचायचं. न्हाई बदललं, तर खरं.”

माझ्या मनात सरांचं जुनं कुलूप परत घालायचं होतं. सोपानरावांनी सांगितलेली रीत त्याहून हलकी होती. कुणालाच थांबवायची गरज नव्हती. आमच्या धंद्यातली जाणती माणसं तसंच करतात हे मला वाचून ठाऊक होतं, पण त्या घटकेला सुचलं नव्हतं.

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. मी तिथे जाऊन शाळिग्राम सरांना सगळं सांगितलं.

“ते कुलूप मी घातलं होतं,” सर म्हणाले. “आणि का घातलं होतं, तेच विसरलो. तू काढलंस तेव्हा मी तुला अडवायला हवं होतं. तुझ्या बदलावर सही माझी आहे, स्वरूपा.”

“सभेत काय सांगू, सर?”

“तू काय ठरवलं आहेस?”

“खरं ते सांगायचं.”

“मग मला कशाला विचारतेस?” सर म्हणाले. आणि पुढे, “काम पुरं होईपर्यंत तिथेच राहा. आणि ते झाकण परत आण. चांगलं झाकण आहे, कुठेतरी उपयोगी पडेल.”

शाळेच्या वर्गात तीसेक माणसं होती. हौसाक्का समोर खुर्चीवर. सत्तरीची, काटक, कपाळावर मोठं हिरवं गोंदण. मी फळ्यावर किलोमीटरचा आकडा काढून सगळं समजावलं, अगदी सोपानरावांना सांगितलं तसं. मग म्हटलं, “चूक यंत्रातली आहे, आणि यंत्रात ती मी केली. सोपानरावांचा यात काडीचाही दोष नाही. आम्ही न तपासता त्यांच्यावर ढकललं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बघा! चौदा म्हैने!” कुजबुज वाढली. हौसाक्कांनी हात वर केला.

“पोरी, साळा किती शिकलीस?”

“सोळा वर्षं.”

“आन वाचायलाच चुकलीस?”

वर्ग हसला. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं. हौसाक्का हसल्या नव्हत्या.

“कबूल करायला आलीस, त्ये बरं केलंस. आमची मानसं यवढ्या बिगी कबूल हुत न्हाईत.” मग त्या दाराशी उभ्या असलेल्या सोपानरावांकडे वळल्या. “सोपाना, म्या तुला चार मानसांत बोलले.”

“बोलला की.”

“आता चार मानसांतच सांगते. चुकलं माझं. उद्या गाडीवर बसशील?”

“उद्या न्हाई,” सोपानराव म्हणाले. “म्याडमची तपासनी हू दे. मग बशीन.”

दोन दिवस मी सोपानरावांच्याच घरी राहिले. ओळ दुरुस्त करून सुट्या संगणकावर तीच चाचणी लावली आणि चालत ठेवली. बावन्न हजार खेपा. एकही वेळ चुकली नाही. शिवाय नोंदीत बटण आणि राखणदार वेगळे दिसतील अशी सोय केली. सोपानरावांच्या बायकोने मला दोन्ही दिवस इतकं खाऊ घातलं की तिसऱ्या दिवशी पाळण्याचं वजन आधी माझ्यापासून मोजावं, असं सोपानराव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पावणेआठला त्यांनी यंत्र चालू केलं. आधी वाळूची पोती वर गेली आणि खाली आली. मग दुधाचे कॅन. बाया रांगेत उभ्या होत्या, पण कुणी पाऊल पुढे टाकेना. मी सोपानरावांना म्हटलं, “नऊला चार मिनिटं कमी असताना एकाहत्तर मिनिटं भरतात. त्या वेळी मी मध्यावर हवी. तसा पाळणा सोडा.”

“मी बी येते,” हौसाक्का म्हणाल्या आणि आधी जाऊन बसल्या.

दरीच्या वर आल्यावर मी मनगटाकडे पाहू लागले. हौसाक्का शांत होत्या. मला आकडेमोड ठाऊक होती. त्या एका क्षणाने काही सिद्ध होत नाही, सिद्ध व्हायचं ते बावन्न हजार खेपांत झालं होतं. तरीही मी सेकंद मोजत राहिले. एकाहत्तर मिनिटं. पस्तीस सेकंद. छत्तीस. पाळणा तसाच सरकत राहिला.

“झालं?” हौसाक्कांनी विचारलं.

“झालं.”

“थांबली न्हाई.”

“नाही थांबली, अक्का.”

त्या खिडकीबाहेर वाकल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, “ह्ये असं हाय बग. त्या बारीला अडकले, तवा पयली धा मिनिटं द्येवाचं नाव घेतलं. मग म्हनलं, मरायचंच हाय तर बगून तरी घ्यावं. ह्या दरीला पन्नास वर्सं दूध घिऊन उतरले, पन नजर पायाखाली. दरी कशी दिसती त्ये त्या दिशी बगितलं. मामांचं रान, झऱ्याची वळणं, म्हशींचा तळ. आता ही पळाया लागली, काय दिसतंय डोंबलाचं!”

पाळण्यात बोलायचं यंत्र होतं. त्यांनी ते उचललं. “सोपाना.”

“बोला, अक्का. काय झालं?” सोपानरावांचा आवाज चिरकला.

“काय न्हाई झालं. जरा थांबीव की.”

यंत्र खरखरलं.

“थांबवू? खरंच?”

“दोन मिनिटं. आन वहीत ल्ही, अध्यक्षीनबाईंनी थांबवाया लावली म्हनून.”

सोपानराव मोठ्याने हसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांचं तसलं हसू ऐकलं. मग पाळण्याचा वेग हळूहळू उतरत गेला, जराही गचका न बसता, आणि तो दरीच्या मधोमध उभा राहिला.

“त्ये बग,” हौसाक्का माझं मनगट धरून म्हणाल्या, “त्या चिंचेच्या पल्याड. तिथं माझं लगीन लागलं.”